आखूड आतड्याचं बाळ: पोसायचं कसं, मोजायचं काय

आखूड आतड्याच्या बाळाच्या घरात सगळ्यांचं लक्ष एकाच आकड्यावर असतं: बाळ आज किती दूध प्यायलं. आजी तेच विचारते, शेजारीण तेच विचारते, फोनवरून मामाही तेच विचारतात. माझं म्हणणं असं, की या बाळासाठी त्याहून मोठा आकडा दुसराच आहे. आज बाळाच्या पोटातून बाहेर किती गेलं? दूध वाढवायचं की थांबायचं, मीठ पुरतंय की नाही, शिरेतलं पोषण कमी करता येईल का, हे सगळं त्या मापावर ठरतं. आणि ते माप आईला घरच्या घरी ठेवता येतं. मुंबई, नाशिक किंवा सुरतेला ऑपरेशन करून जळगाव, धुळे, नंदुरबारकडे परत आलेल्या आईबापांसाठी आणि गावात त्यांना भेटणाऱ्या आशाताई व सिस्टरांसाठी हे लिहीत आहे. यातले डोसाचे आकडे डॉक्टरांशी नीट बोलता यावं म्हणून दिले आहेत. ते स्वतःच्या मनाने वापरायचे नाहीत.

पूर्ण दिवसांच्या बाळाचं लहान आतडं साधारण २०० ते २५० सेंटीमीटर असतं. आईच्या पोटातल्या शेवटच्या तीन महिन्यांत त्याची लांबी जवळजवळ दुप्पट होते. काही बाळांचं आतडं जन्मतःच तुटक किंवा बंद असतं (अट्रेझिया), काहींचं पोटाच्या भिंतीतल्या छिद्रातून बाहेर आलेलं असतं (गॅस्ट्रोस्किसिस), काहींना पीळ पडून ते काळं पडतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत नर्सरीतली 'एनईसी', म्हणजे आतड्याचा सडवणारा दाह, हे मोठं कारण. खराब झालेला भाग सर्जनला काढावाच लागतो, आणि उरलेल्या तुकड्यावर बाळाला पोसायचं असतं. जन्मतःच आतडं निव्वळ लांबीने कमी असणं हा प्रकार फार क्वचित दिसतो.

इथे एक गोष्ट आधी सांगून टाकते, कारण ती वेळेत कळली तर कितीतरी सेंटीमीटर आतडं वाचतं. नवजात बाळाला हिरवी उलटी झाली तर तो पीळ असू शकतो. त्यात 'संध्याकाळपर्यंत बघू' असं चालत नाही. दूध थांबवायचं, १०८ ला फोन करायचा, बाळाला ऊबदार गुंडाळायचं आणि जिथे लहान मुलांचे सर्जन आहेत तिथे पोचायचं. धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यावरून निघायचं असेल तर प्राथमिक केंद्रात नाकातून नळी घालून ती उघडी सोडून घ्या, म्हणजे वाटेत पोट फुगत नाही आणि उलटी श्वासनलिकेत जात नाही.

ऑपरेशन झाल्यावर डिस्चार्ज कार्डावर 'आतडं कमी आहे' एवढंच लिहिलेलं पुरत नाही. सर्जनकडून चार गोष्टी लिहून घ्या. लहान आतडं किती सेंटीमीटर उरलं. उरलेला भाग वरचा (जेजुनम) आहे की खालचा (इलियम). लहान-मोठ्या आतड्याच्या सांध्यावरची झडप राहिली का. आणि मोठं आतडं किती उरलं, ते जोडलेलं आहे की सध्या बाजूला ठेवलंय. पुढचे डॉक्टर बदलले, गाव बदललं, तरी हे चार मुद्दे बाळासोबत फिरले पाहिजेत. ३० सेंटीमीटर उरलेलं २८ आठवड्यांचं बाळ आणि ३० सेंटीमीटर उरलेलं पूर्ण दिवसांचं बाळ यांत फरक आहे, कारण पहिल्याचं आतडं अजून लांबीने वाढायचं बाकी आहे.

कुठला भाग गेला यावर पुढचं दुखणं ठरतं. इलियम गेलं तर नुकसान कमी झालं असं मानतात, पण उलट आहे. जेजुनमचं काम इलियम बऱ्यापैकी शिकून घेतं. इलियमच्या शेवटच्या भागाची दोन कामं मात्र, बी-१२ शोषणं आणि पित्ताचे क्षार परत घेणं, दुसरं कुणी करत नाही. झडप ही अन्नाला रोखून धरते आणि मोठ्या आतड्यातले जंतू वर चढू देत नाही. मोठं आतडं पाणी आणि सोडियम ओढून घेतं, शिवाय न पचलेल्या पिष्टापासून तिथले जंतू जी आम्लं बनवतात त्यांतून बाळाला थोडी ऊर्जाही मिळते. म्हणून मोठं आतडं जोडलेलं असणं ही मोठी जमेची बाजू.

उरलेलं आतडं नुसतं पडून राहत नाही. ते रुंद होतं, आतले रसांकुर (अन्न शोषणारे बारीक उंचवटे) उंच होतात, लांबीही वाढते. ऑपरेशननंतर लगेच हे सुरू होतं आणि दोन-तीन वर्षं, कधी त्याहून जास्त चालतं. पण त्याला आतून अन्नाचा स्पर्श लागतो. उपाशी आतडं बारीक होतं, पित्त साचतं, यकृत बिघडतं. 'पोटाला आराम द्या' हा सल्ला या बाळांना महिनोन्‌महिने दिला तर घातक ठरतो, आणि 'भरपूर पाजा, अंग धरेल' हा सल्लाही तितकाच घातक. शरीर वाढवायचं शिरेतून, आतडं वाढवायचं तोंडाने किंवा नळीने, आणि हळूहळू पहिलं कमी करत दुसरं वाढवायचं. हीच दोन-तीन वर्षांची सगळी कामगिरी.

शिरेतलं पोषण

शिरेतल्या या पोषणाला टीपीएन म्हणतात. ते साधं सलाईन नव्हे. त्यात साखर, अमिनो आम्लं, चरबी, क्षार, जीवनसत्त्वं आणि जस्तासारखी सूक्ष्म द्रव्यं असतात. १९६८ मध्ये डग्लस विलमोर आणि स्टॅन्ली डड्रिक या अमेरिकी सर्जननी नोंदवलं की आतडं जवळजवळ नसलेलं बाळ केवळ शिरेतल्या पोषणावर वाढू शकतं. त्याआधी अशी बाळं उपासमारीने जायची.

हिशोब कसा होतो ते पाहा. दर किलो वजनामागे दिवसाला १५ ग्रॅम ग्लुकोज दिलं तर ५१ कॅलरी मिळतात (शिरेतलं ग्लुकोज ग्रॅमला ३.४ कॅलरी देतं). ३ ग्रॅम अमिनो आम्लांच्या १२ कॅलरी. २० टक्क्यांच्या चरबीच्या द्रावाचे १० मिली म्हणजे २ ग्रॅम चरबी, त्याच्या २० कॅलरी. झाल्या ८३. शिरेतून दिलेलं विष्ठेत वाया जात नाही, म्हणून बाळ ८५ ते १०० कॅलरींच्या आसपास वाढतं. त्याच बाळाला पुढे सगळं तोंडाने द्यायचं म्हटलं तर १३०-१५० किंवा अधिक लागतात, कारण आतड्यातून बराच भाग निसटून जातो. टीपीएन बंद करताना वजन का थांबतं याचं उत्तर बहुतेक वेळा या फरकात असतं.

१२.५ टक्क्यांहून घट्ट ग्लुकोज हातापायाच्या शिरेला जाळतं, म्हणून लांब नळी छातीतल्या मोठ्या शिरेपर्यंत न्यावी लागते. ही लाइन म्हणजे बाळाची जीवनवाहिनी, आणि जंतूंना थेट रक्तात शिरण्याचा रस्तासुद्धा. लाइन असलेल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअसच्या वर ताप आला, किंवा बाळ एकाएकी मलूल झालं, तर ती आणीबाणी समजायची. पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नका. रक्ताचं कल्चर काढून लगेच प्रतिजैविक सुरू व्हायला हवं. नळीच्या टोकाला हात लावण्याआधी साबणाने हात धुणं, टोक क्लोरहेक्सिडीन-अल्कोहोलने १५ सेकंद घासणं आणि ते पूर्ण वाळू देणं: यातलं वाळू देणं सगळ्यात जास्त विसरलं जातं, आणि जंतू मरतात ते त्या वाळण्याच्या वेळात. लाइन तुटली किंवा गळायला लागली तर तुटलेल्या जागेच्या अलीकडे, बाळाच्या बाजूला, चिमटा लावायचा आणि निघायचं. हवा आत गेली तर जीव जातो.

आपल्याकडची तेलमालीश इथे आड येते. तेलाने ड्रेसिंगचा चिकटपणा जातो, स्टोमाच्या (शौच बाहेर यायला पोटावर उघडलेल्या आतड्याच्या तोंडाच्या) पिशवीची चकतीही सुटते. मालीश बंद करायला नको, हात-पाय-पाठ चोळा. छाती आणि पोट मात्र कोरडं ठेवा. अंघोळीत लाइन पाण्यात बुडवायची नाही, पावडर टाकायची नाही.

टीपीएन लांबलं की यकृताला त्रास होतो. डोळे पिवळे, लघवी गडद, शौच पांढुरकं दिसू लागतं, आणि रक्तातलं डायरेक्ट बिलिरुबिन २ मिलिग्रॅमच्या वर जातं. सोयाबीन तेलाची चरबी जास्त दिली की हे वाढतं. त्यामुळे अशा वेळी सोयाबीनची चरबी किलोला दिवसाला १ ग्रॅमपर्यंत आणतात किंवा मासळीचं तेल मिसळलेली चरबी वापरतात. बाळ स्थिरावलं की २४ तासांऐवजी काही तास टीपीएन बंद ठेवतात. त्याने यकृताला उसंत मिळते, पण बंद करताना वेग टप्प्याटप्प्याने कमी करावा लागतो, नाहीतर रक्तातली साखर कोसळते.

घरी टीपीएन देण्याची सोय आपल्याकडे फार थोड्या ठिकाणी आहे. त्यामुळे खान्देशातलं बाळ एकतर मोठ्या शहरात महिनोन्‌महिने अडकतं, किंवा टीपीएन लवकर सोडून घरी येतं. दुसऱ्या प्रकारच्या बाळांसाठी खालचं माप जास्त गरजेचं.

दूध: कुठलं, किती, कसं

पहिली पसंती आईच्या दुधाची. त्यात आतडं वाढवणारे घटक असतात आणि ही बाळं ते बहुतेक वेळा सोसतात. बाळ उपाशी असतानाही आईने दिवसात आठ वेळा तरी दूध काढत राहायला हवं, रात्रीचं एक धरून, नाहीतर चार आठवड्यांनी परवानगी मिळते तेव्हा दूधच नसतं. आईचं नसेल तर मिल्क बँकेतलं (आशियातली पहिली बँक मुंबईच्या सायन रुग्णालयात १९८९ मध्ये सुरू झाली). तेही नसेल किंवा सोसत नसेल तर प्रथिनं तोडलेली किंवा अमिनो आम्लांची पावडर. ही पावडर डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच कालवा. 'जरा घट्ट दिलं तर वजन वाढेल' म्हणून अर्धा चमचा जास्त टाकला की द्रावणाची तीव्रता वाढते, आतड्यात पाणी खेचलं जातं आणि जुलाब सुरू होतात.

सुरुवात किलोला दिवसाला १० ते २० मिलीपासून. ३ किलोच्या बाळाला ६० मिली म्हणजे सिरिंज पंपावर ताशी २.५ मिली. आईला ते पाहून रडू येतं, पण आतड्याला जागं करायला एवढं पुरतं. थेंबाथेंबाने दिलेलं जास्त शोषलं जातं, कारण आतड्याला दर क्षणी थोडंच काम असतं. पंपावर आईचं दूध लावताना एक चूक सगळीकडे दिसते: सिरिंज आडवी किंवा तोंड खाली. दुधातली साय वर तरंगते, नळीत चिकटते आणि नेमकी चरबीच बाळाला मिळत नाही. सिरिंजचं तोंड वर राहील अशी तिरकी लावा, नळी आखूड वापरा. पंपावरचं दूध चार तासांच्या आत बदला. भुसावळच्या ४५ अंशांत त्याहूनही लवकर. काढलेलं दूध थेट फ्रिजमध्ये ठेवा, वीज जाणाऱ्या गावात बर्फाचा डबा तयार असू द्या.

नळीने पाजताना प्रत्येक वेळी नळी पोटातच आहे याची खात्री करायची. थोडा रस ओढून पीएच (आम्लता दाखवणाऱ्या) कागदावर ५.५ किंवा कमी आला तर पोट. ॲसिड कमी करणारं औषध चालू असेल तर आकडा वर दिसू शकतो, म्हणून नाकपुडीपाशी नळीवर केलेली खूण जागची हलली नाही ना हेही बघा. खात्री नसेल तर पाजू नका.

आणि तोंड विसरू नका. सगळं नळीने जात असलं तरी दिवसातून काही वेळा चार-पाच मिली तोंडाने, किंवा दूध काढून झालेल्या छातीला लावून चोखायला द्या. पहिले काही महिने तोंडाला चव आणि चोखणं माहीतच झालं नाही, तर वर्षाचं झाल्यावर बाळ चमचा पाहून ओकतं, आणि ती सवय मोडायला वर्षं लागतात.

बाहेरचं माप

जळगावच्या सराफ्यातला काटा लागत नाही. १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरे. कोरड्या लंगोटाचं वजन पेनाने त्याच्यावर लिहा, ओला झाल्यावर लगेच पुन्हा तोला, फरक म्हणजे बाळाच्या पोटातून लंगोटात आलेलं. उन्हाळ्यात अर्धा तास पडून राहिलेला लंगोट पाच-दहा ग्रॅम सहज गमावतो. लघवी मिसळते, त्याचं करायचं काय? नुसती लघवी झालेल्या लंगोटांची काही वजनं काढून सरासरी धरा आणि ती वजा करा. अचूक नसलं तरी रोज एकाच पद्धतीने केलं की चढउतार कळतो. स्टोमा असेल तर पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करून सिरिंजने मोजा. पूर्ण भरू दिली तर वजनाने चकती उखडते आणि कातडी सोलवटते.

मोठं आतडं जोडलेलं असेल तर दिवसाला किलोमागे १० ग्रॅमपर्यंत किंवा दहापेक्षा कमी वेळा शौच होत असेल तर दूध वाढवता येतं. १० ते २० ग्रॅममध्ये असेल तर आहे तिथेच थांबायचं. २० च्या वर किंवा दिवसात बारापेक्षा जास्त वेळा झालं तर मागे यायचं. ४ किलोच्या बाळाला हे ४० आणि ८० ग्रॅम झाले. स्टोमा असलेल्या बाळात ताशी किलोमागे २ ग्रॅमच्या आत वाढवा, २ ते ३ मध्ये थांबा, ३ च्या वर कमी करा. वाढवायचं तेही दिवसाला किलोमागे १० ते २० मिली, एका वेळी एकच बदल: दूध वाढवलं त्याच दिवशी पावडर बदलली तर कशाने बिघडलं हे कुणालाच सांगता येत नाही.

वहीत रोज चार रकाने: आत काय गेलं, बाहेर काय आलं, लघवी किती वेळा, वजन. वजन त्याच काट्यावर, त्याच वेळी, उघड्या अंगाने. पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला सरासरी २० ते ३० ग्रॅम वाढ अपेक्षित. एका दिवसात १०० ग्रॅम वाढलं तर आनंद मानू नका, ते बहुधा पाणी आहे.

मीठ

सगळ्यात जास्त दुर्लक्षित गोष्ट ही, म्हणून जरा सविस्तर. दूध पचतंय, कॅलरी पुरताहेत, उलटी नाही, तरी बाळ वाढत नाही. आजी अहिराणीत म्हणते, 'पोऱ्या वाळी ऱ्हायना' (पोरगं वाळत चाललंय). अशा बाळाचं सोडियम तपासा.

वरच्या आतड्याचा स्टोमा असेल तर त्यातून जाणाऱ्या पाण्यात लिटरमागे ८० ते १०० मिलिइक्विव्हॅलंट (क्षार मोजायचं एकक) सोडियम असतं. आईच्या दुधात असतं ७ च्या आसपास. ४ किलोचं बाळ दिवसाला ६०० मिली दूध प्यायलं तर त्याला ४ मिलिइक्विव्हॅलंट मिळाले. त्याच दिवशी स्टोमातून १२० मिली गेलं, म्हणजे किलोला फक्त ३० मिली, जे वरच्या मोजमापात अगदी सुरक्षित बसतं, तर जवळजवळ १० गेले. ही तूट रोजची. मूत्रपिंड मग लघवीतलं सोडियम अडवून धरतं आणि रक्तातला आकडा बरेच दिवस नॉर्मल ठेवतं. म्हणून रक्ताचा रिपोर्ट पाहून 'मीठ ठीक आहे' म्हणणं इथे फसवं. तपासायचं लघवीतलं सोडियम. ते १० च्या खाली असेल तर बाळ मिठाला भुकेलं आहे. २० ते ३० च्या वर ठेवायचं असतं. ही साधी, स्वस्त तपासणी जिल्ह्याच्या ठिकाणी होते. मागावी मात्र लागते. बाळ लघवी रोखणारं किंवा वाढवणारं औषध घेत असेल तर तिचा अर्थ डॉक्टरांकडूनच लावून घ्या.

तूट भरायची ती डॉक्टरांनी लिहून दिलेल्या मापाने. १ ग्रॅम मिठात १७ मिलिइक्विव्हॅलंट सोडियम असतं आणि चहाच्या एका चमच्यात पाचेक ग्रॅम मीठ मावतं. अंदाजाने टाकलेला अर्धा चमचा ४ किलोच्या बाळाच्या जिवावर बेतू शकतो. म्हणून फार्मसीकडून ठरलेल्या ताकदीचं द्रावण घ्या (३ टक्के सलाईनच्या १ मिलीमध्ये अर्धा मिलिइक्विव्हॅलंट असतो), दिवसाचा डोस सहा-आठ भागांत दुधात मिसळा.

दुसरा धोका नुसत्या पाण्याचा. वरच्या आतड्याचं अस्तर पाझरतं. त्यात बिनमिठाचं पाणी गेलं की शरीरातलं सोडियम आतड्यात उतरतं, त्यामागे पाणी, आणि स्टोमातून दोन्ही निघून जातं. मे महिन्यात बाळाचे ओठ सुकतात, घरचे पाणी पाजतात, पिशवी भरभर भरते, ओठ आणखी सुकतात, आणि पुन्हा पाणी. तिथे ओआरएस द्या. डब्ल्यूएचओच्या पाकिटात २०.५ ग्रॅम पावडर असते आणि ती पूर्ण १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात टाकायची. पेल्यात थोडी थोडी टाकू नका, कारण पाकिटातले क्षार आणि साखर सारखे मिसळलेले नसतात. तयार द्रावणात लिटरमागे सोडियम ७५ आणि ग्लुकोज ७५, कारण ग्लुकोजच सोडियमला हाताला धरून आत नेतं. २४ तासांनी उरलेलं फेकून द्या. उंचावरचा स्टोमा असलेल्या काही बाळांना ७५ ही कमी पडतं, तेव्हा डॉक्टर वेगळं द्रावण सांगतात. दुकानातली फळांच्या चवीची गोड पेयं ओआरएस नव्हेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) अशा पेयांच्या नावात 'ओआरएस' हा शब्द वापरायला मनाई केली. तरी पाकीट घेताना मागची मात्रा वाचा.

साखरपाणी, गुळपाणी, ग्लुकोज पावडर, उसाचा रस, ग्राइप वॉटर यांनी जुलाब वाढतात. बाळगुटी आणि मध तर नकोच. सहाणेवरचं न उकळलेलं पाणी या आतड्याला झेपत नाही, आणि मधातून वर्षाखालच्या कुठल्याही बाळाला बोट्युलिझम (जंतूच्या विषाने स्नायू लुळे पडणं) होऊ शकतो. आजीला 'तुमचं चुकतं' म्हणू नका. वहीतला रकाना तिच्या हाती द्या, लंगोट तोलायचं काम तिला सांगा. दोन दिवसांत तीच दुसऱ्यांना गुटी द्यायला मना करते.

वरचं अन्न

अपुरे दिवस वजा करून चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान सुरू करता येतं. आपल्याकडची सोय चांगली आहे: रावेर-यावलचं कच्चं केळं. उकडून, सोलून, गाळणीतून काढून एक-दोन चमचे. कच्च्या केळ्यातलं न पचणारं पिष्ट आणि पेक्टिन मोठ्या आतड्यातले जंतू आम्लांत बदलतात, त्यासोबत पाणी आणि सोडियम आत ओढलं जातं, शौच घट्ट होतं. पण हे मोठं आतडं जोडलेलं असेल तरच. स्टोमाच्या बाळाला त्याचा तेवढा उपयोग नाही. पिकलेल्या केळ्यात साखर जास्त, ते अगदी थोडं. मऊ भात, मुगाच्या डाळीचा घट्ट भाग, शेंगदाण्याचं तेल किंवा तूप, अंडं, चालत असेल तर मटणाचा वाटलेला खिमा. डाळीचं वरचं पाणी बाळाचं पोट भरतं आणि कॅलरी जवळजवळ देत नाही, ते टाळा. चहा-बिस्किट नको. कळण्याची भाकरी, उडदाची सालाची डाळ यांचा कोंडा सुरुवातीला जड जातो, वर्षानंतर बघू.

मोठं आतडं आहे पण चरबी पचत नाही, अशा बाळांना पुढे मूतखड्याचा धोका असतो. पालकासारख्या ऑक्सलेटच्या भाज्या त्यांना कमी द्या.

बिघडतं तेव्हा

पोट फुगलं, वास घाण, वजन थांबलं, जुलाब वाढले, पण अन्न तर बदललं नाही: लहान आतड्यात जंतू माजले असण्याची शक्यता असते, त्यावर ठरावीक काळ प्रतिजैविक देतात. थोड्या मोठ्या बाळात, जेवणानंतर झिंगल्यासारखी चाल, गुंगी, अडखळतं बोलणं दिसलं तर डी-लॅक्टिक ॲसिडोसिस (आतड्यातल्या जंतूंनी बनवलेलं आम्ल रक्तात साचणं) असू शकतो. लॅक्टेटची नेहमीची तपासणी एल-लॅक्टेट मोजते, त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल येतो आणि घरच्यांना 'काही नाही' सांगितलं जातं. डॉक्टरांना आतडं आखूड आहे हे आधीच सांगा. पहिल्या काही महिन्यांत पोटात ॲसिड जास्त बनतं, त्यासाठी औषध देतात, ते कायम चालू ठेवायचं नसतं. गुदाभोवतीची कातडी सोलवटली तर झिंक ऑक्साइडचा जाड थर लावा, पुसून पुसून काढू नका. तोंडाभोवतीही तसेच चट्टे आले तर शरीरात जस्त कमी पडत असावं.

आतडं खूप रुंद झालं असेल तर ते लांब करण्याची शस्त्रक्रिया करता येते. एड्रियन बियांची यांनी १९८० मध्ये एक पद्धत मांडली, २००३ मध्ये बोस्टनहून 'स्टेप' ही दुसरी पद्धत आली. टेड्युग्लुटाइड हे आतडं वाढवणारं इंजेक्शन अमेरिकेत २०१९ पासून एक वर्षावरील मुलांना मंजूर आहे, किंमत फार मोठी. यातलं काहीही मीठ आणि मापाच्या जागी येत नाही.

खर्चासाठी महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला ऑपरेशनच्या आधीच विचारा. जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसी केंद्रात (बाळांच्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं केंद्र) आरबीएसकेखाली, म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली, नाव नोंदवा, बाळाचा विकास आणि ऐकणं-बघणं तिथे तपासलं जातं.

टीपीएन सुटलं, नळी निघाली, बाळ भात खाऊ लागलं, की घर तपासण्या सोडून देतं. अ, ड, ई आणि के जीवनसत्त्वं, लोह, जस्त, मॅग्नेशियम यांची पातळी ठरल्या वेळी बघत राहावी लागते. इलियमचा शेवटचा भाग गेलेल्या बाळाला बी-१२ ची कमतरता लगेच दिसत नाही, साठा संपायला महिने, कधी वर्षं लागतात. त्याला बी-१२ ची इंजेक्शनं बहुधा आयुष्यभर लागतात. शाळेच्या दाखल्यासोबतच्या कागदांत ऑपरेशनची ती चार वाक्यं ठेवा, म्हणजे पुढच्या डॉक्टरांना ती शोधावी लागणार नाहीत.